सुट्टीचा एक दिवस चंद्राच्या नावाने

मे महिना लागला की घराघरांतून एकच वाक्य ऐकू येतं, "आता या पोरांचं दिवसभर करायचं काय?" ज्यांची ऐपत आहे त्यांची मुलं महाबळेश्वरला जातात, कोकणात जातात, पोहण्याच्या नाहीतर चित्रकलेच्या शिबिराला जातात. ज्यांची नाही, त्यांच्या मुलांची सुट्टी गल्ली, नानीचं घर आणि अब्बांचा मोबाइल यांच्यात वाटली जाते. जूनमध्ये शाळा उघडली की 'मी सुट्टी कशी घालवली' हा ठरलेला निबंध येतो. वह्या तपासताना दिसतं की ज्या मुलानं गावाची वेसही ओलांडली नाही, तेही महाबळेश्वरच्या थंड हवेवर दहा ओळी लिहितं. ओळी गाइडमधल्या असतात. ते मूल खोटारडं नसतं. आपली सुट्टी सांगण्याच्या लायकीची नव्हती असं त्याला वाटत असतं, एवढंच.

ही गोष्ट मला पैशाच्या तंगीपेक्षा जास्त लागते. गरिबी मुलाला खेळणी देत नाही हे समजू शकतं. पण आपल्या घरात सांगण्यासारखं काही घडूच शकत नाही, हे त्याच्या मनात बसलं तर ते शाळेत बोलणार काय आणि लिहिणार काय? म्हणून माझं म्हणणं असं आहे की प्रत्येक घरानं सुट्टीतला निदान एक दिवस ठरवून मुलांना द्यावा. त्या दिवसाला एक विषय असावा. खर्च शंभर रुपयांच्या आत बसावा. आणि रात्री झोपताना मुलाकडे स्वतःचं, स्वतः पाहिलेलं असं काहीतरी सांगण्यासारखं असावं.

विषय ठरवून दिवस साजरा करायची कल्पना आता नवी राहिलेली नाही. शहरातल्या शाळांत 'यलो डे', 'मँगो डे' होतात. मोबाइलवर असे शेकडो व्हिडिओ आहेत. पण त्यांत होतं काय? फुगे, एका रंगाचे कपडे, थर्माकोलचा देखावा, केक आणि फोटो. हा खर्च हजाराच्या पुढे सहज जातो, सगळी धावपळ आईची होते आणि मुलाच्या पदरात सजावटीपलीकडे काही पडत नाही. घरच्या दिवसाचा विषय असा हवा, ज्याचं सामान घरात आधीच आहे आणि ज्याच्याबद्दल घरातल्या वडीलधाऱ्यांनाही काही ठाऊक आहे. पाणी असू शकतो, मसाल्याचा डबा असू शकतो, जुनी पत्रं असू शकतात. या लेखात मी चंद्र घेते. मुसलमान घराचं सगळं वर्ष त्याच्यावर चालतं, आणि तरीही आपल्या मुलांनी तो नीट पाहिलेला नसतो. चाँदरातीला पूर्वी आख्खा मोहल्ला गच्चीवर असायचा. आता 'चाँद मुबारक'चं चित्र मोबाइलवर येतं आणि खाली बसल्याबसल्या ईद लागते.

दिवस कसा निवडावा

पौर्णिमा घेऊ नका. पौर्णिमेचा चंद्र सुंदर असतो, पण तो सूर्य मावळताना उगवतो. म्हणजे दिवसभर त्याचं काम नाही. हिजरी महिन्याची ७ किंवा ८ तारीख घ्या. तेव्हा अर्धा चंद्र दुपारीच उगवलेला असतो, चार-पाच वाजता पूर्वेकडच्या आकाशात पांढुरका दिसतो, मे महिन्यात मगरिबच्या सुमारास जवळपास डोक्यावर असतो आणि मध्यरात्रीच्या आसपास मावळतो. चंद्र रात्रीच असतो असं बहुतेक मुलांना वाटतं. भर उन्हात चंद्र दाखवला की दिवसाची अर्धी कमाई तिथेच होते. फक्त सूर्याकडे डोळे लावायचे नाहीत, हे आधी बजावा. त्या वेळी सूर्य पश्चिमेला असतो, त्यामुळे त्याच्याकडे पाठ करून उभं राहिलं की चंद्र समोर येतो.

घरात कालनिर्णय असेल तर तारीख त्यावरूनही काढता येते. शुद्ध अष्टमी पाहा. ती हिजरी महिन्याच्या सहा, सात, आठ तारखेच्या आसपास पडते. हा एक-दोन दिवसांचा फरक का, हेच मुलाला विचारा. मराठी महिना अमावास्या संपली की मोजायला सुरुवात होते. हिजरी महिना चंद्रकोर डोळ्यांना दिसली की सुरू होतो. अमावास्या सरल्याबरोबर चंद्र दिसत नाही. तो सूर्यापासून पुरेसा लांब सरकावा लागतो, तेव्हा कुठे संध्याकाळच्या उजेडात ती बारीक रेघ दिसते. अरबस्तानात ईद बऱ्याचदा आपल्याआधी एक दिवस का होते, याचं एक कारणही इथेच आहे. तिथे सूर्य आपल्यानंतर दोन-अडीच तासांनी मावळतो आणि तेवढ्या वेळात चंद्र आणखी थोडा सरकलेला असतो. एकोणतीसच्या संध्याकाळी दरवर्षी होणारी वादावादी मुलं ऐकतात आणि हसतात. चंद्राची चाल समजली की तो वाद नेमका कशावरून आहे हे त्यांना कळेल आणि हसू आपोआप थांबेल.

सकाळ : दादीचं कॅलेंडर

सकाळची पहिली उस्ताद दादी किंवा नानी. मुलानं वही घेऊन तिच्यासमोर बसायचं आणि बारा महिन्यांची नावं विचारायची. शाळेच्या पुस्तकातली नावं मोहर्रम, सफर, रबीउल अव्वल अशी असतात. दादीकडे वेगळी यादी निघते. दख्खनमधल्या वयस्क बायका सफरला 'तेरातेजी' म्हणतात, रबीउल अव्वलला 'बारावफात', रबीउस्सानीला 'ग्यारवी', जिल्कादला 'खाली'. खाली का? तर तो दोन ईदींच्या मधला महिना, त्यात सण नाही. तेरातेजीशी जोडलेल्या शुभ-अशुभाच्या समजुती बाजूला ठेवता येतील, पण नावं ठेवून द्या. ही यादी छापील पुस्तकात सहसा मिळत नाही आणि ती सांगणारी पिढी फार दिवस पुरणार नाही. नातवानं वही उघडून आपल्याला काही विचारलं, हा आनंद दादीच्या चेहऱ्यावर दिसतो, त्याचं मोल वेगळंच.

मग हिशेब. सौर वर्ष ३६५ दिवसांचं, चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं. वजाबाकी ११. म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून परत जागेवर येतो. २०१६ साली रमजान जूनमध्ये लागला होता. त्याआधी १९८३ मध्येही जूनमध्येच लागला होता. २०३० मध्ये तर रमजान दोनदा सुरू होईल, एकदा जानेवारीच्या सुरुवातीला आणि एकदा डिसेंबरच्या अखेरीस. मुलानं कागदावर ही उलटी गिनती करत अम्मीचा पहिला रोजा कोणत्या महिन्यात आला असेल ते काढावं आणि मग अम्मीला विचारून ताळा पाहावा. आमच्या वयाच्या लोकांचे पहिले रोजे मार्च-एप्रिलमधले आहेत. फ्रीज नव्हता, माठ होता, आणि दुपारी तीननंतर तो माठ डोळ्यांसमोरून हलत नसे.

आणखी एक गणित मुलांना फार आवडतं. ३३ सौर वर्षांत ३४ चांद्र वर्षं बसतात. म्हणजे जी दादी इंग्रजी तारखेनं ६६ वर्षांची आहे, ती हिजरी हिशेबानं ६८ वर्षांची झाली. दादी एका सकाळी दोन वर्षांनी मोठी होते. जकातीचा हिशेब चांद्र वर्षानं का मांडतात, हेही मोठ्या मुलाला याच ओघात सांगता येतं.

शेजारचा दोस्त दिवाळीच्या फराळाला बोलावतो, तेव्हा नेहमी ऑक्टोबर-नोव्हेंबर असतो. आपली ईद मात्र कधी उन्हाळ्यात, कधी पावसात. असं का, हे मुलं विचारतातच. उत्तर सोपं आहे. मराठी पंचांगाचे महिनेही चंद्रावरच चालतात, पण साधारण ३२-३३ महिन्यांनी एक अधिक महिना घालून ते ऋतूंशी जुळवून घेतलं जातं. हिजरीत असा महिना घालत नाहीत. चंद्र एकच, हिशेबाच्या रीती दोन. संकष्टीला शेजारच्या काकू चंद्रोदयाची वेळ पाहून उपास सोडतात आणि कोजागरीला दूध आटवतात, हे मुलानं पाहिलेलं असतं. त्यांनाही या दिवशी बोलवा, किंवा मुलाला वही घेऊन त्यांच्याकडे पाठवा. सणांच्या शुभेच्छांचे निरोप पाठवण्यापेक्षा एकमेकांचं कॅलेंडर समजून घेणं हे शेजारधर्माचं जास्त टिकाऊ काम आहे.

दुपार : शब्द, मोसंबी आणि परात

मी उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवते, त्यामुळे उन्हाची वेळ मी शब्दांना देईन. नव्या कोरीला अरबीत हिलाल म्हणतात, चंद्राला कमर, पूर्ण चंद्राला बद्र. फारसीत चंद्राला माह. आता मोहल्ल्यातली माणसं आठवा : कमरुन्निसा, बद्रुद्दीन, महताब, माहजबीन, हिलाल. किती घरांत चंद्र राहतो याची यादी वीस नावांपर्यंत सहज जाते. मग मराठीकडे या. सरकारी कागदावर 'माहे मे' असं लिहिलेलं असतं, पगार 'दरमहा' मिळतो. हा 'माह' तोच. फारसी माह आणि संस्कृत मास ही एकाच जुन्या मुळाची दोन रूपं आहेत. तिकडच्या 'स'चा इकडे 'ह' झाला. तसाच सप्तचा हफ्त झाला, आणि त्या हफ्तवरून आलेला 'हप्ता' आपण मराठीत दर आठवड्याला भरतो. उर्दू शाळेतल्या मुलाला मराठी परकी वाटते आणि मराठी शाळेतल्या मुलाला उर्दू. दोघांनाही ही एक गाठ दाखवली की दोन्ही भाषा एका अंगणातल्या वाटू लागतात.

जी मुलं कुरआन शिकतात त्यांच्यासाठी यात आणखी एक मजा आहे. अरबीच्या २८ हरफांपैकी १४ शम्सी म्हणजे सूर्याचे आणि १४ कमरी म्हणजे चंद्राचे. कमरी हरफ पुढे आला की 'अल'मधला लाम ऐकू येतो : अब्दुल करीम, अब्दुल कादिर. शम्सी हरफ आला की लाम गिळला जातो आणि पुढचा हरफ दुहेरी होतो : अब्दुस्सत्तार, नूरुद्दीन. मुलांना मोहल्ल्यातल्या दाराबाहेरच्या पाट्या वाचायला पाठवा आणि नावं दोन खान्यांत लिहायला सांगा. मदरशात जो नियम घोकून घेतला जातो, तो असा एका दुपारी कायमचा बसतो.

आता एक मोसंबी घ्या आणि एक सुपारी. मोसंबी साडेसात सेंटीमीटरची असेल तर ती पृथ्वी आणि दोन सेंटीमीटरची सुपारी म्हणजे चंद्र. या दोघांत अंतर किती ठेवायचं, ते मुलांनाच ठरवू द्या. बहुतेक मुलं वीतभर अंतरावर ठेवतात, कारण पुस्तकातल्या चित्रात तसंच असतं. खरं अंतर पृथ्वीच्या तीस पट रुंदीचं आहे, सुमारे ३,८४,४०० किलोमीटर. म्हणजे सुपारी सव्वादोन मीटर लांब, बहुधा खोलीच्या दुसऱ्या भिंतीशी जाईल. आणि सूर्य? तो या मापानं आठ मीटर रुंद होईल आणि पाऊण किलोमीटरच्याही पलीकडे जाईल, कदाचित बस स्टँडजवळ. मुलं हे चालत जाऊन मोजायला निघतील. संध्याकाळी ऊन उतरल्यावर जाऊ द्या. मोसंबी नंतर सोलून वाटून खावी.

चंद्रावरच्या खड्ड्यांसाठी परातीत चाळलेली माती किंवा वाळू पसरा आणि वर पांढऱ्या रांगोळीचा पातळ थर द्या. पीठ वापरायचं नाही. अन्नाचा खेळ करू नये. लहान-मोठे खडे वीतभर, हातभर, डोक्याएवढ्या उंचीवरून सोडा आणि प्रत्येक खड्ड्याची रुंदी पट्टीनं मोजून लिहा. कडेला उडालेली माती, भोवती पसरलेल्या रेघा, सगळं चंद्राच्या फोटोसारखं दिसतं. एकच खडा उंची वाढवल्यावर केवढा खड्डा करतो, हे मूल स्वतःच्या आकड्यांवरून सांगू लागलं, तर त्यानं पहिला प्रयोग केला असं समजा.

संध्याकाळ : अंधारी खोली आणि गच्ची

मगरिबनंतर एका खोलीत एकच बल्ब चालू ठेवा. मुलाच्या हातात काडीला खोचलेला प्लॅस्टिकचा चेंडू द्या. बल्ब म्हणजे सूर्य, चेंडू म्हणजे चंद्र आणि मुलाचं डोकं म्हणजे पृथ्वी. चेंडू हात लांब करून डोक्यापेक्षा जरा वर धरायचा आणि बल्बकडे तोंड करून उभं राहायचं. चेंडूची आपल्याकडची बाजू काळी : ही अमावास्या. आता हळूहळू डावीकडे वळायचं. उजव्या कडेला कोर उजळते : हिलाल. पाव फेरा झाला की उजवा अर्धा भाग उजळलेला : आजचा चंद्र. बल्बकडे पाठ झाली की पूर्ण चेंडू उजळतो : बद्र. पुढे वळत गेलं की तो डाव्या बाजूनं उरतो आणि कमी होत जातो. चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात असं मोठी शिकलेली माणसंही सांगतात. सावली पडते ती ग्रहणात. चेंडू फिरवताना मुलाला हे न सांगता दिसतं.

मग गच्ची, आणि गच्ची नसेल तर गल्लीचं तोंड. एक ठिकाण ठरवायचं, समोरची पाण्याची टाकी किंवा नारळाचं झाड धरायचं, आणि पाच, सात आणि नऊ वाजता चंद्र त्यापासून कुठे होता त्याचं चित्र काढायचं. हात लांब करून धरलेली मूठ आकाशात सुमारे दहा अंश व्यापते. चंद्र तासाला दीड मूठ पश्चिमेकडे सरकतो. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाहिलं तर तो कालच्या जागेपेक्षा सव्वा मूठ पूर्वेला असतो, कारण तो रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो. म्हणजे हा एक दिवस आपसूक आठवडाभर चालतो, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

गच्चीवर बसल्यावर नावांची गोष्ट सांगा. चंद्रावरच्या विवरांना शास्त्रज्ञांची नावं आहेत. त्यांत अल्-बिरूनी आहे, अल्-बत्तानी आहे, इब्न अल्-हैसम आहे, समरकंदचा उलुग बेग आहे. आर्यभट आहेत, सी. व्ही. रामन आहेत, होमी भाभा आणि विक्रम साराभाई आहेत. आपल्याकडे पहिल्या चौघांची नावं घेताना छाती फुगवायची सवय आहे. जणू ते होते म्हणून आपल्याला काही करायची गरज नाही. मला त्या अभिमानाचा मुलांसाठी काही उपयोग दिसत नाही. अल्-बत्तानीनं रक्का शहरात इ. स. ८७७ पासून ९१८ पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षं आकाश पाहिलं आणि लिहून ठेवलं. मुलाला सांगायचं ते हे. आज तू तीन वेळा पाहिलंस आणि लिहून ठेवलंस; तो हेच चाळीस वर्षं करत राहिला. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं, त्याच्याही मागे अशाच नोंदी ठेवणाऱ्या माणसांच्या पिढ्या आहेत.

आता हरकती

पहिली हरकत वेळेची. "आमच्या घरी दिवसभर बसायला कोणाला सवड आहे?" मान्य. भिवंडी-मालेगावात यंत्रमागावर बारा-बारा तासांची पाळी करणाऱ्या बापाला कोणी हा सल्ला दिला तर तो चिडेल. पण वर सांगितलेल्या कामांत मोठ्या माणसाची सोबत खरी लागते ती दोनच वेळा : सकाळी दादीची अर्धा तास आणि मगरिबनंतर अब्बांची एक तास. बाकीचं दहा-बारा वर्षांचं मूल धाकट्यांना घेऊन स्वतः करतं. मालेगावात यंत्रमाग शुक्रवारी बंद असतात. बापाच्या सुट्टीचा वार जो असेल, त्याच्या जवळपास सात-आठ तारीख येणारा महिना निवडता येतो. ज्या घरी दादी नाही, तिथे शेजारची खाला आहे. सगळं नाही जमलं तर नुसता बल्ब आणि गच्ची करा.

दुसरी गोष्ट आईची. ती हरकत घेत नाही, म्हणून तिच्या वतीनं मी घेते. घरी काही साजरं करायचं म्हटलं की सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत अम्मी चुलीपाशी असते आणि मुलगी तिच्या हाताखाली. मुलगे गच्चीवर चंद्र पाहतात, मुलगी भांडी घासते. तसंच होणार असेल तर हा दिवस करूच नका. त्या दिवशी दुपारी खिचडी-खट्टा पुरे. रात्री कालची भाजी आणि रोटी पुरे. गोडाला नानखटाई विकत आणा आणि मुलांनीच ती कापून ताटात कोरीपासून पूर्ण चंद्रापर्यंत मांडावी आणि मग खावी. ताटं ज्याची त्यानं धुवायची. अम्मीनं गच्चीवर सतरंजीवर बसायचं आणि तिच्या लहानपणीच्या चाँदरातीबद्दल बोलायचं. मुलांना हा दिवस आठवेल तेव्हा त्यात अम्मी बसलेली दिसली पाहिजे.

तिसरी हरकत, "हे तर शाळाच घरी आणली." शाळेत आणि यात मोठा फरक आहे. इथे गुण नाहीत, नंबर नाही, घंटा नाही. मूल मध्येच पतंग उडवायला गेलं तर जाऊ द्या. चंद्र कुठे पळत नाही. शिवाय शाळेत चाळीस मुलांमागे एक चेंडू असतो, घरी प्रत्येकाच्या हातात येतो. काही पालक म्हणतात, या वेळेत दीनी तालीम झाली असती. मला त्यात विरोध दिसत नाही. कुरआनातल्या ५४ व्या सूरहचं नावच कमर आहे, नमाजच्या वेळा सूर्यावर आहेत, रोजे आणि हज चंद्रावर आहेत. ज्या मुलानं आकाशाकडे पाहिलं नाही, त्याला हे सगळं कोणीतरी ठरवून दिलेलं वेळापत्रक वाटतं.

चौथी हरकत मोबाइलची. "यूट्यूबवर दहा मिनिटांत सगळं दिसतं." दिसतं, आणि अकराव्या मिनिटाला दुसरं काही सुरू होतं. मी मोबाइलच्या विरोधात नाही. बॅटरी म्हणून वापरा, दादीचं बोलणं रेकॉर्ड करा, चंद्राचे फोटो काढा. त्याला त्या दिवसाचा नोकर ठेवा, मालक करू नका.

खर्चाचा हिशेब मांडते, म्हणजे शंका राहायला नको. रांगोळीचं पाकीट वीस रुपये, काळा कार्डशीट आणि खडू वीस, नानखटाई तीस-चाळीस, मोसंबी दहा-पंधरा. चेंडू, परात, बल्ब, सुपारी घरात असतंच. शंभराच्या आत भागतं. कार्डशीटवर मुलानं पांढऱ्या खडूनं आठ कला काढाव्यात, खाली हिजरी तारीख आणि मराठी तिथी दोन्ही लिहाव्यात, आणि तो कागद भिंतीवर लावावा. लाकडी शोकेसमधल्या प्लॅस्टिकच्या फुलांपेक्षा तो जास्त शोभून दिसेल.

एक विनंती माझ्या शिक्षक मित्र-मैत्रिणींना. जूनमध्ये निबंधाचा विषय जरा बदलूया. 'मी सुट्टीत कुठे गेलो' असा सूर असलेला विषय अर्ध्या वर्गाला आधीच गप्प करतो. 'सुट्टीत मी नीट पाहिलेली एक गोष्ट' असा विषय द्या. त्यात महाबळेश्वरला गेलेलं मूलही लिहू शकेल आणि गल्लीच्या तोंडाशी उभं राहून पाण्याच्या टाकीवरून सरकणारा चंद्र पाहिलेलं मूलही. दुसऱ्याच्या वहीत तेराव्या शतकापासून चालत आलेलं वर्णन नसेल. त्याच्या टाकीचं, त्याच्या मुठीचं, त्याच्या दादीच्या 'खाली' महिन्याचं वर्णन असेल.

पावसाळी ढग यायच्या आत, म्हणजे मेमध्येच हे करून टाका. भिंतीवरच्या कॅलेंडरात पुढची शुद्ध अष्टमी पाहा, त्या तारखेभोवती पेन्सिलनं गोल करा आणि तो गोल मुलांकडूनच काढून घ्या.